तिसरं रीडिंग

"अठ्ठ्याण्णव," पप्पा म्हणाले. ऑक्सिमीटर बोटाला तसाच ठेवून त्यांनी कस्तुरीचा हात वर उचलला आणि आईला व मला दाखवला. "माझा सत्त्याण्णव येतो. मग या घरात आजारी कोण? मी का ही?"

कस्तुरी भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली होती. सकाळचे सात वाजले होते. शाळेचा गणवेश आईनं तिच्या मांडीवर ठेवला होता, तो तसाच घडी घातलेला होता.

"पप्पा, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते."

"मैदानावर ये. उजेड दाखवतो."

मी हसले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

ही गोष्ट डिसेंबर २०२१ मधली. आम्ही पलूसला राहायचो. पप्पा साखर कारखान्यात फिटर होते, पण गावात त्यांना कुणी त्या कामासाठी ओळखत नसे. सगळे त्यांना लोहार सर म्हणत, कारण गेली वीस वर्षं रोज संध्याकाळी ते गावातल्या क्रीडा मंडळात मुलींना खो-खो शिकवत. कस्तुरी तेरा वर्षांची, आठवीत. चेंडू जसा हातातून निसटतो तशी ती पाठलाग करणाऱ्या मुलींच्या हातातून निसटायची. दहाव्या वर्षी ती सलग तीन मिनिटं पळाली होती, तेव्हा पप्पांनी स्टॉपवॉच थांबवायचंच विसरून टाळ्या वाजवल्या होत्या. मी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. माझ्यासाठी कुणी कधी स्टॉपवॉच विसरलं नव्हतं.

एप्रिलमध्ये आम्हा चौघांनाही कोविड झाला. पप्पांना दवाखान्यात ठेवावं लागलं, आईचा खोकला महिनाभर गेला नाही. कस्तुरीला सगळ्यांत कमी. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी ती खिडकीत बसून शेवयांचा उपमा मागत होती. म्हणूनच दिवाळीनंतर मैदान सुरू झालं आणि ती पळेना, तेव्हा कुणाच्या मनात आजाराचं नावसुद्धा आलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं जिथल्या तिथं होतं. "लाड कमी करा," ते म्हणाले आणि एक टॉनिक लिहून दिलं.

घरात एक शब्द रुळला: सोंग.

आधी तो पप्पांचा होता, मग माझा झाला. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. हंडे भरून वर न्यायचं काम कस्तुरीचं होतं. ते माझ्याकडे आलं. भांडी माझ्याकडे आली. बारावीचं वर्ष, आणि मी पहाटे हंडे उचलतेय, ती पांघरुणात. माझ्या दृष्टीनं हिशेब अगदी सरळ होता.

"आज काय दुखतंय, महाराणी?" मी विचारायची.

"दुखत नाही गं. आतून कुणीतरी प्लग काढल्यासारखं होतं."

"मग लाव की परत."

मी नुसती बोलून थांबणारी नव्हते. अकरावीचं अर्धं कोरं जर्नल पडून होतं, एका पानाला रेघा आणि समोरचं पान कोरं असलेलं. त्यात मी रकाने आखले. तारीख. काय केलं. काय टाळलं. पुढं ऑक्सिमीटरचे दोन आकडे, वरचा आणि खालचा. वरचा ऑक्सिजनचा, तो त्या वर्षी सगळ्या देशाला वाचता येत होता. खालचा नाडीच्या ठोक्यांचा. त्याच्याकडे कुणी बघत नसे. मीही तो का लिहायची, तर यंत्र दोन आकडे दाखवतं आणि एकच लिहिणं मला अर्धवट वाटायचं.

जर्नलच्या पहिल्या पानावर 'उद्देश' अशा मथळ्याखाली मी लिहिलं होतं: कस्तुरी सोंग करते हे सिद्ध करणे.

आणि ते सिद्ध होत होतं. बारा डिसेंबर, रविवार: मामेबहिणीच्या साखरपुड्यात तासभर नाचली. तेरा, सोमवार: ठणठणीत, शाळेत गेली. चौदा, मंगळवार: उठत नाही, दात घासायला हात वर जात नाही म्हणते. काय टाळलं: गणिताची चाचणी. सोळा, गुरुवार: पप्पांनी ओढून मैदानावर नेली, पूर्ण सराव केला. सतरा: मस्त, टीव्ही बघून हसत होती. अठरा, शनिवार: दिवसभर अंथरुणात. काय टाळलं: पाण्याची टाकी धुणं.

नाचायला बरी, चाचणीला आजारी. टीव्हीला बरी, टाकीला आजारी. यापेक्षा स्वच्छ काय हवं?

मी वही पप्पांना दाखवली. त्यांनी उभ्यानं चार पानं वाचली आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. "अशी पाहिजे पोरगी. पुराव्यानिशी."

त्या संध्याकाळी मी कस्तुरीला सोबत म्हणून मैदानावर गेले होते. पप्पांनी शिट्टी मारून सगळ्या मुलींना खांबापाशी गोळा केलं. कस्तुरी कडेला बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. पप्पांनी पिशवीतून माझी वही काढली. ती त्यांनी आणलीय हे मला माहीत नव्हतं.

"ऐका गं सगळ्यांनी. आपल्या स्टार खेळाडूचा आजार." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. "बारा तारीख, तासभर नाचली. चौदा तारीख, आजारी. टाळलं काय? गणिताची चाचणी."

मुली हसल्या. दिशा नावाची मुलगी होती, कस्तुरीच्या जागेवर तेव्हा तीच पळायची. ती म्हणाली, "सर, हा आजार मला पण पाहिजे. परवा इंग्रजीची आहे."

"रांग लावा," पप्पा म्हणाले. आणखी हशा.

कस्तुरीनं डोकं वर काढलं. ती पप्पांकडे किंवा दिशाकडे बघत नव्हती. घरी जाताना ती दर दोन विजेच्या खांबांनंतर थांबत होती आणि मी पुढं जाऊन उभी राहत होते, तोंड वळवून.

"ताई, हे तू रोज लिहितेस?"

"रोज."

"म्हणजे सकाळी बोट धरतेस, ते..."

"आकडा घ्यायला धरते. नाहीतर कशाला धरीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑक्सिमीटर घेऊन गेले तेव्हा तिनं स्वतःहून बोट पुढं केलं. ते मला तिनं केलेला अपमान वाटला.

दोन जानेवारीला जिल्ह्याच्या किशोरी संघाची निवड चाचणी होती. पप्पांनी घरात जाहीर केलं: कस्तुरी पळणार. नाही पळाली तर खो-खो बंद, मंडळ बंद, आणि त्यांनी तिच्याशी बोलणंही बंद. "एकदा जीव तोडून पळू दे. मनातला आळस घामाबरोबर बाहेर पडतो. मी शेकड्यानं पोरी बघितल्यात."

"तिला खरंच होत नसेल तर?" आईनं विचारलं. पोळी लाटता लाटता, खाली बघूनच.

"वही वाच तुझ्या मोठ्या लेकीची."

चाचणीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी, मी कॉलेजचं जर्नल पूर्ण करत बसले होते. आमच्या केमिस्ट्रीच्या घोरपडे मॅडमचा एक नियम होता. ब्युरेटच्या काचेच्या नळीवरचं रीडिंग तीनदा घ्यायचं. दोनदा घेऊन निष्कर्ष लिहिलेला दिसला तर त्या पान फाडून हातात द्यायच्या. "दोन रीडिंगवर तोंड उघडायचं नाही. तिसरं जुळू दे, मग बोल." माझं पान त्यांनी एकदाही फाडलं नव्हतं. कॉलेजचं जर्नल संपल्यावर मी दुसरी वही काढली, कस्तुरीची, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यातच डोकं घालून बसले.

रविवारी सकाळी सहाला मी कस्तुरीच्या वेण्या घालत होते. खो-खोला दोन घट्ट वेण्या, वर बांधलेल्या, नाहीतर पाठलाग करणारीच्या हाताला लागतात. ती पलंगाच्या कडेला बसली होती, आणि बसल्याजागी तिची मान माझ्या हातात जड झाली होती.

"ताई, पप्पा तुझं ऐकतात."

"मग?"

"तू सांग ना. आज नको म्हणून. तुझ्या वहीवर विश्वास आहे त्यांचा."

"काय सांगू?"

"काहीही. खोटं सांग."

"मी खोटं लिहीत नाही," मी म्हणाले आणि रिबीन आवळली.

ती 'आई गं' म्हणाली नाही. फक्त थोडी पुढं वाकली. मग म्हणाली, "मी पळेन गं. आज पळेन. मला पळताना काही होत नाही. ते नंतर होतं."

"बरं. पळ मग."

ती बूट घालायला गेली. मी वही उघडून एक ओळ लिहिली, वही परत कपाटात ठेवली आणि पप्पा व तिच्याबरोबर निघाले.

ती पळाली. आजही डोळे मिटले की मला ते दिसतं. डावीकडे झुकायची हूल, खांबाला घातलेली गिरकी, पाठलाग करणारीच्या बोटांपासून वीतभर लांब असलेली तिची पाठ. तीन मिनिटं दहा सेकंद. निवड समितीचे लोक खुर्च्यांवरून उठले. पप्पांनी स्टॉपवॉच वर धरलं आणि ते ओरडले, "उतरलं सोंग! बघा, उतरलं!" त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. तिथून, वरून, ती मला शोधत होती.

सोमवारी ती दोन भाकऱ्या जेवली. "बघितलंस?" पप्पा आईला म्हणाले. "घाम काढला, आजार गेला."

मंगळवारी पहाटे पावणेसहाला मी तिच्या अंथरुणापाशी बसले होते. आई पाणी तापवायला उठली तेव्हा तिनं मला बघितलं.

"तू गं का उठलीस?"

"जाग आली."

सहा वाजून दहा मिनिटांनी कस्तुरीनं डोळे उघडले आणि लगेच मिटले. उजेड सहन होईना. तिनं मान उचलायचा प्रयत्न केला, ती उचलली गेली नाही. आईनं चमच्यानं चहा पाजला, तो ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर गेला. गिळायलाही बळ लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं. पप्पा दारात उभे राहिले. "ऊठ," म्हणाले. मग पुन्हा, "ऊठ की गं." तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज वेगळा होता.

ती उठली नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. खिडकीला आईनं गोधडी लावली. ताटाचा आवाज झाला तरी ती कान झाकायची. संडासला आई आणि मी दोन्ही बाजूंनी धरून न्यायचो. संघात तिच्या जागी दिशा गेली.

मार्चमध्ये कुणीतरी मिरजेच्या इनामदार डॉक्टरांचं नाव सांगितलं. लहान मुलांच्या डॉक्टर, वय साठीच्या पुढं, बोलणं तुटक. पप्पांनी कस्तुरीला दोन्ही हातांवर उचलून जिना चढवला. तपासायच्या खोलीत ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून बाकावर आडवी होती, डोळ्यांवर माझी ओढणी.

डॉक्टरांनी दहा मिनिटं तिला तशीच पडू दिली आणि नाडी मोजली. शहाऐंशी. मग आईच्या आधारानं उभी केली आणि पुन्हा मोजली. एकशे चौतीस. "नुसतं उभं राहण्यात हिचं काळीज जिना चढतंय," त्या म्हणाल्या. "आधी कुणी नाडी बघितली नाही?"

"मी लिहिलीय," मी म्हणाले आणि पिशवीतून वही काढून दिली. देताना मला अभिमान वाटत होता. हेही सांगून टाकते.

त्यांनी चष्मा बदलला. बराच वेळ पानं उलटली.

"ही नोंद कुणी केली? तू? काय शिकतेस?"

"बारावी."

"पन्नास दिवसांची नोंद आहे. मोठ्या दवाखान्यातसुद्धा मला अशी मिळत नाही." त्या पप्पांकडे वळल्या. "हे सोंग नाही. कोविड होऊन गेल्यावर काही मुलांना हे होतं, सौम्य झालेल्यांनाही होतं. श्रम केले की त्याच दिवशी दिसत नाही. एक दिवस जातो, कधी दोन, आणि मग कोसळतात. म्हणून घरच्यांना वाटतं, काल तर बरी होती. जितकं जास्त ढकलाल तितकं जास्त मागं जाईल. यावर माझ्याकडे ठरलेलं औषध नाही. शक्ती संपायच्या आत थांबायचं, रोज, एवढंच."

"मला कुणी सांगितलंच नाही," पप्पा म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

"तुमच्या मुलीनं शोधलंय की. हे काय, बाण काढलेत." डॉक्टरांनी वही त्यांच्याकडे फिरवली. "'काय टाळलं' हा रकाना पेन्सिलीनं खोडलाय. आणि 'काय केलं'पासून दोन ओळी खाली बाण. बारावरून चौदावर. सोळावरून अठरावर. शाब्बास. हे बाण कधी काढलेस गं?"

मी वही परत घ्यायला हात पुढं केला.

त्यांनी पान उलटलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं. "दोन जानेवारी, सकाळी साडेसहा. निवड चाचणी, पूर्ण जोर. अपेक्षा: उद्या ठीक. परवा, चार तारखेला, सकाळी कोसळेल." त्यांचा आवाज शेवटाकडे हळू झाला. खाली अजून दोनच शब्द होते. तेही त्यांनी वाचले. "तिसरं रीडिंग."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

"साडेसहा," डॉक्टर म्हणाल्या. "चाचणी किती वाजता होती?"

"नऊला," आई म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं.

पप्पांना कळलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या रागाची वाट बघत होते, एका थपडेची तरी. पण ते नुसते म्हणाले, "तू मला सांगितलं असतंस तर मी पळवली असती का गं तिला?"

कदाचित पळवलीच असती. तेव्हाचे पप्पा माझे बाण बघून म्हणाले असते, सोंगालाही वेळापत्रक असतं. पण ते कधीच कळणार नाही. ते रीडिंग मी घेतलंच नाही.

कस्तुरीनं डोळ्यांवरची ओढणी बाजूला केली होती. एवढा उजेड तिनं दोन महिन्यांत पहिल्यांदाच सहन केला असेल.

"पप्पांना माहीत नव्हतं," ती म्हणाली. शब्द मोजून, मध्ये श्वास घेत. "दिशाला नव्हतं. आईला नव्हतं. तू वेण्या घालत होतीस तेव्हा तुला माहीत होतं."

"खात्री नव्हती," मी म्हणाले. "दोनच वेळा जुळलं होतं."

ती पुन्हा आडवी झाली. आईनं ओढणी तिच्या डोळ्यांवर ठेवली, मग उचलली, माझ्याकडे परत दिली आणि आपला पदर तिच्या डोळ्यांवर घातला.

याला चार वर्षं झाली. पप्पांनी मंडळ सोडलं. स्टॉपवॉच अजून त्यांच्याकडे आहे. कस्तुरी चालायला लागली तेव्हा त्यावर तिची चार मिनिटं झाली की ते "बस, थांब" म्हणायचे आणि खुर्ची सरकवायचे. कस्तुरीनं सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून दहावी दिली. घराच्या फाटकापर्यंत ती जाते, बऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. खेळत नाही. मी शरीरशास्त्रात पदवी घेतली आणि आता कोल्हापूरला एका प्रयोगशाळेत नोंदी करते. तिथं माझ्या नोंदींचं कौतुक होतं.

वही कस्तुरीकडे आहे. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, नोंद चालू ठेवा. नोंद आता ती स्वतःच ठेवते. माझ्या शेवटच्या ओळीखाली तिनं आडवी रेघ मारली आणि तिथून पुढं तिचं अक्षर सुरू होतं. पहिल्या पानावरचा उद्देश तिनं खोडलेला नाही. मी वही मागितली तरी तिनं मला तो खोडू दिला नाही.

रविवारी मी घरी फोन करते. आई बोलते, पप्पा बोलतात, मग फोन कस्तुरीकडे जातो. मी विचारते, "कशी आहेस?"

मागं कुठंतरी पंखा फिरत असतो.

"हे कितवं रीडिंग, ताई?" ती विचारते. आणि मी आकडा सांगेपर्यंत ती फोन ठेवत नाही.